दोन्ही टोकांची नोंद : रेडिओ टेलिटाइप स्पर्धेची ओळख

दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी जगभरातले हौशी रेडिओचालक सलग ४८ तास एकमेकांना शोधत असतात. आपल्या घड्याळानुसार शनिवारी पहाटे साडेपाचला ही शोधाशोध सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला थांबते. एवढ्या वेळात कोणी कोणाशी तोंडाने बोलत नाही. संगणकाच्या कळफलकावरून निघालेली अक्षरे दोन सुरांच्या रूपाने आकाशात जातात आणि हजारो किलोमीटरांवरच्या पडद्यावर पुन्हा अक्षरे होऊन उमटतात. या पद्धतीला रेडिओ टेलिटाइप म्हणतात. हॅम मंडळींच्या, म्हणजे या हौशी चालकांच्या, बोलण्यात तिचे नाव ‘रिटी’. सीक्यू वर्ल्डवाइड आरटीटीवाय नावाची ही स्पर्धा १९८७पासून भरते. जानेवारीत अमेरिकन रेडिओ रिले लीगची राउंडअप, फेब्रुवारीत डब्ल्यूपीएक्स, मार्चमध्ये १९५९ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश बार्टग या संस्थेची स्पर्धा, अशी वर्षभर तिची भावंडेही आहेत. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या मराठी वाचकाने या स्पर्धांत उतरावे, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. कसे उतरायचे ते पुढच्या प्रकरणांत येईल. का उतरायचे, हे या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

माझे म्हणणे असे आहे. संदेशवहनात आपण बोलण्याला फार महत्त्व देतो आणि पोहोचण्याला कमी. मी सांगितले, म्हणजे समोरच्याला कळले, असे गृहीत धरून आपण मोकळे होतो. दवाखान्यातला निरोप, तहसील कचेरीतला अर्ज, पुराच्या वेळी गावोगाव गेलेला इशारा, या सगळ्यांत घोटाळा होतो तो बहुधा इथेच. रिटी स्पर्धा या गृहीतकाला मुळीच थारा देत नाही. तिच्या हिशेबात संपर्क झाला असे केव्हा धरतात? दोन्ही टोकांच्या वह्यांत तीच माहिती, त्याच वेळेला, एकाही अक्षराचा फरक न पडता लिहिली गेली असेल तेव्हाच. माणसाला ही शिस्त दोन दिवसांत शेकडो वेळा, खेळाच्या ओढीने गिरवायला लावणारे दुसरे साधन मला दिसत नाही. शिवाय हे साधन आपल्या सीमाभागातल्या तरुणाच्या आवाक्यातले आहे, आणि त्याच्या भूगोलाला विशेष मानवणारे आहे. या दोन विधानांचे पुरावे आधी पाहू आणि मग त्यांवरच्या आक्षेपांकडे वळू.

पहिला पुरावा या पद्धतीच्या घडणीतच आहे. एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याने १८७४ साली पाच खुणांच्या संकेतपद्धतीचे पेटंट घेतले. पुढे डोनाल्ड मरे यांनी ती टंकयंत्राला सोयीची केली, आणि तिचाच आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेला अवतार आजची रिटी वापरते. प्रत्येक अक्षर म्हणजे पाच ठोके. प्रत्येक ठोका ‘मार्क’ किंवा ‘स्पेस’ यांपैकी एक. या दोन सुरांत अंतर असते फक्त १७० हर्ट्झचे. एक ठोका २२ मिलिसेकंदांचा, आधी सुरुवातीचा एक, शेवटी थांब्याचा थोडा लांब, असे मिळून एक अक्षर सुमारे १६३ मिलिसेकंदांत जाते. म्हणजे सेकंदाला साधारण सहा अक्षरे, मिनिटाला ६० शब्द. पाच ठोक्यांतून ३२च जुळण्या होतात आणि अक्षरे व अंक मिळून तेवढ्यात मावत नाहीत. म्हणून तीच जुळणी कधी अक्षर असते, कधी अंक, आणि त्यांच्यातली अदलाबदल एका वेगळ्या खुणेने कळवावी लागते. विजेच्या कडकडाटात ही एक खूण हरवली की पुढचे अंक अक्षरे होऊन छापले जातात. भारतातून जाणारा ‘५९९ २२’ हा संदेश मग समोर ‘टीओओ डब्ल्यूडब्ल्यू’ असा दिसतो, कारण कळफलकावर पाचाखाली टी, नवाखाली ओ आणि दोनाखाली डब्ल्यू येतो. चूक झाल्याची सूचना देणारी किंवा ती दुरुस्त करणारी कोणतीही सोय या पद्धतीत नाही. हवेत जे घडले तेच कागदावर येते, आणि त्यातले खरे काय हे माणसाला ठरवावे लागते. अनुभवी चालक ‘टीओओ’ पाहून ५९९ ओळखतो. पण कॉलसाइनमधले, म्हणजे केंद्राच्या ओळखनावातले, एखादे अक्षर शंकास्पद असेल तर अंदाज न बांधता पुन्हा विचारतो. कुठे ताडायचे आणि कुठे विचारायचे, हा विवेक हीच या स्पर्धेची पहिली शिकवण.

दुसरा पुरावा नियमांत आहे. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये दोन केंद्रे एकमेकांना स्वतःची कॉलसाइन, ५९९ हा संकेतदर्जा आणि आपल्या विभागाचा क्रमांक देतात; अमेरिका आणि कॅनडातली केंद्रे राज्य किंवा प्रांतही सांगतात. आपल्याच देशातल्या संपर्काला एक गुण, त्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला दोन, दुसऱ्या खंडाला तीन. भालकीहून सोलापूर पकडले तर एक, कोलंबो पकडले तर दोन, रोम पकडले तर तीन. या बेरजेला प्रत्येक बँडवर मिळालेल्या देशांच्या, विभागांच्या आणि अमेरिका-कॅनडातल्या राज्य-प्रांतांच्या संख्येने गुणले जाते. स्पर्धा संपल्यावर प्रत्येकाने आपला लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, ठरलेल्या मुदतीत पाठवायचा. मग संयोजकांचा संगणक सगळे लॉग एकमेकांशी ताडून पाहतो. तुम्ही लिहिलेला संपर्क समोरच्याच्या लॉगमध्ये नसेल, किंवा कॉलसाइनमधले एक अक्षर चुकले असेल, तर तो संपर्क जातो आणि वर दंडाचे गुणही कापले जातात. वेगाने केलेली ढिसाळ नोंद अशी अंगावर येते. सावकाश केलेली अचूक नोंद टिकते. बार्टगच्या स्पर्धेत तर जागतिक प्रमाणवेळही कळवावी लागते, त्यामुळे साडेपाच तासांचा फरक हाताच्या सवयीचा होतो. साक्षीपुराव्याची ही पद्धत एरवी न्यायालयात आणि हिशेबतपासणीत भेटते. इथे ती अठरा-वीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हौसेपोटी पाळावीशी वाटते, हे मोठे आहे.

आता भूगोलाकडे वळू. हौशी रेडिओच्या नकाशात जग ४० विभागांत वाटलेले आहे. भारताची मुख्य भूमी, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि मालदीव मिळून २२वा विभाग होतो. युरोपातल्या स्पर्धकाला बिदरचे केंद्र सापडले की एकाच संपर्कात भारत हा देश आणि २२ हा विभाग असे दोन गुणक मिळू शकतात. त्यामुळे व्हीयूने सुरू होणारी भारतीय कॉलसाइन पडद्यावर दिसली की तिला हाक मारणारे पुष्कळ असतात. साध्या तारेच्या अँटेनावर, मध्यम शक्तीवर काम करणाऱ्या नवख्याला याचा केवढा आधार वाटतो! अंतरे पाहा : मध्य युरोप आपल्यापासून सुमारे ७ हजार किलोमीटर, जपानही जवळपास तेवढाच, आणि न्यूयॉर्क सुमारे १३ हजार. युरोप वायव्येला, जपान ईशान्येला; अमेरिकेची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते, म्हणून ती अवघड आणि म्हणूनच मोलाची. त्यातच आपला प्रदेश चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही. ते भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. १९६३ साली देशातले पहिले अग्निबाण उड्डाण थुंब्याहून झाले ते याच कारणाने. या पट्ट्यातला आयनांबर, म्हणजे रेडिओ लहरी परतवणारा वातावरणाचा थर, दाट असतो, त्यामुळे १५ आणि १० मीटरचे बँड उत्तरेकडच्या देशांपेक्षा आपल्याला अधिक वेळ साथ देतात. सप्टेंबरअखेर दिवस-रात्र जवळपास समान असतात, तेव्हा सूर्यास्तानंतर आयनांबरात खळबळ माजून संकेत थरथरतात आणि अक्षरे फाटतात. पुस्तकात वाचलेला आयनांबर डोळ्यांसमोर असा वागताना दिसणे, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोणत्याही प्रयोगवहीपेक्षा अधिक शिकवते.

जमीन आणि हवामान यांचाही विचार करायला हवा. बिदर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. कलबुर्गीकडे उतरत गेले की तुरीची काळी जमीन लागते. काळी माती ओल धरते, म्हणून तिच्यात अर्थिंग चांगले लागते. कोरडा जांभा त्या बाबतीत कंजूष आहे. जमिनीवर अवलंबून असलेल्या उभ्या अँटेनापेक्षा बिदर-औरादच्या माळावर आडवा डायपोल बरा, हा निष्कर्ष त्यातून निघतो. २० मीटरच्या बँडसाठी तो एकूण १० मीटर लांबीचा पुरतो, १५ मीटरसाठी सात मीटरही लागत नाही. तार ईशान्य-नैऋत्य ताणली की तिचे तोंड युरोपकडे होते. परतीच्या पावसातल्या विजा खालच्या बँडवर खरखर करतात, आणि जवळ वीज कडाडू लागली की अँटेना काढून बाजूला होणे हा बिनतोड नियम आहे. वीजपुरवठ्याच्या खोळंब्यावर बॅटरी आणि सौर पॅनेल हा उपाय आहे, पण त्याचे गणित आधी करावे लागते. बोलताना प्रक्षेपकाला अधूनमधून उसंत मिळते. रिटीत अक्षरे जाईपर्यंत तो पूर्ण शक्तीने तापत राहतो. म्हणून १०० वॅटचे यंत्र ५० वॅटवर चालवावे; समोरच्या टोकाला तो फरक जेमतेम जाणवतो, इकडे यंत्र आणि बॅटरी दोन्ही वाचतात. या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शांतता. शहरांत एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांनी रेडिओ लहरींचा इतका गोंगाट केला आहे की दूरचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. औराद किंवा आळंद तालुक्यातल्या शेतात हा गोंगाट कितीतरी कमी आहे. मुंबई-बेंगळुरूच्या सदनिकेत पैसे देऊनही न मिळणारी ही सोय इथे फुकट आहे.

पहिला आक्षेप सर्वांच्या ओठांवर असतो : हातात मोबाइल असताना हे कशाला? रोजच्या बोलण्यासाठी मोबाइलच हवा, यात वाद नाही. परंतु मोबाइल म्हणजे मनोरे, त्यांची वीज, त्यांना जोडणाऱ्या केबल आणि दूर कुठेतरी असलेली केंद्रे. साखळीतला एक दुवा तुटला की हातातले यंत्र मुके होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. बसवकल्याण आणि आळंद तिथून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरांच्या आत आहेत, त्यामुळे ही आठवण आपल्या भागाला सांगावी लागत नाही. त्या आपत्तीत हौशी रेडिओचालक संदेशवहनासाठी पुढे आले होते. सीक्यू वर्ल्डवाइडचा शनिवार-रविवार दरवर्षी त्या स्मरणदिनाच्या आसपास येतो, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचा एक गट पोर्ट ब्लेअरला गेला होता. अंदमान हे जगभरच्या हॅमना दुर्मीळ असलेले ठिकाण ‘हवेत आणायचे’, जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क करायचा, एवढाच हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच यंत्रांवरून, त्याच माणसांनी मदतकार्याचे संदेश हलवायला सुरुवात केली. आपत्तीत रिटीच वापरतात असा माझा दावा नाही; तिथे बहुधा आवाजानेच काम चालते. दावा एवढाच आहे की संकटाच्या दिवशी चालू यंत्र, भरलेली बॅटरी, ताणलेली तार आणि गोंगाटात नेमके ऐकून नेमके लिहिणारा माणूस लागतो. त्या दिवशी तो घडवता येत नाही. तो आधी कशाच्या तरी निमित्ताने घडलेला असावा लागतो, आणि स्पर्धा हे निमित्त दरवर्षी ठरल्या तारखेला पुरवते.

दुसरा आक्षेप हॅम मंडळींकडूनच येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. स्पर्धेत जो तो ज्याला त्याला ५९९च देतो. संकेत कितीही क्षीण असो, दर्जा सर्वोत्तमच. मग ही देवाणघेवाण पोकळ नाही का? ओळख नाही, विचारपूस नाही, पाच-सात सेकंदांत निरोप, याला मैत्री कशी म्हणावी? ५९९ हा शिष्टाचार झाला आहे, हे मान्य करायला हवे. पण संपर्काचे वजन त्या आकड्यावर नाही. ते कॉलसाइनवर आणि विभागक्रमांकावर किंवा अनुक्रमांकावर आहे. डब्ल्यूपीएक्समध्ये प्रत्येक संपर्काला आपला अनुक्रमांक बदलतो, तो आधी ताडता येत नाही, ऐकूनच लिहावा लागतो. मैत्रीबद्दल म्हणाल, तर निवांत गप्पांसाठी वर्षाचे बाकीचे दिवस आहेत, आणि स्पर्धेच्या काळातही १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे बँड रूढीने स्पर्धामुक्त ठेवलेले असतात. ज्याला गर्दी नको त्याच्यासाठी वाट मोकळी आहे. शिवाय वर्षानुवर्षे तीच कॉलसाइन त्याच शनिवारी भेटत राहते तेव्हा तिच्याविषयी एक विश्वास तयार होतो : हा माणूस नीट ऐकतो, नीट लिहितो. कामातून आलेली ही ओळख मला विचारपुशीपेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

तिसरा आक्षेप कौशल्याबद्दलचा. अक्षरे संगणक ओळखतो, संदेश संगणक पाठवतो, लॉगही तोच लिहितो; मग माणसाचे काम काय उरले? एकेकाळी टेलिप्रिंटर हे मणभर वजनाचे लोखंडी यंत्र होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने आणि तारकंपन्यांनी टाकून दिलेली यंत्रे अमेरिकेतल्या हौशी लोकांनी घरी नेली, तिथून ही हौस वाढली. आज जपानच्या माकोतो मोरी यांनी तयार करून मोफत दिलेली एमएमटीटीवाय ही प्रणाली जुन्या लॅपटॉपवरही चालते. म्हणजे यंत्र जवळजवळ फुकट झाले आहे, आणि उरलेला सगळा फरक माणसाचा आहे. कोणत्या तासाला कोणता बँड उघडेल, स्वतः हाका मारत एका जागी बसायचे की फिरत शोधायचे, शेजारच्या बलवान केंद्रापासून किती सरकायचे, एकाच वेळी पाच जणांनी हाक मारल्यावर मिसळलेल्या अक्षरांतून कोणाला आधी उत्तर द्यायचे, हे निर्णय संगणक घेत नाही. याला जोडूनच एफटी८चा मुद्दा येतो. नोबेल पारितोषिक विजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ साली आणलेली ही पद्धत कानाला ऐकूही न येणारे संकेत वाचते आणि स्वतःच्या चुका दुरुस्त करते. क्षीण संकेतांसाठी ती रिटीपेक्षा सरस आहे, हे निर्विवाद. परंतु तिच्यात १५-१५ सेकंदांच्या ठरलेल्या पाळ्या असतात आणि फाटके अक्षर माणसासमोर येतच नाही. संदेश एकतर पूर्ण येतो किंवा येत नाही. शिकण्याच्या दृष्टीने मला ते फाटके अक्षरच मोलाचे वाटते. दोन्ही पद्धती शिकाव्यात, पण आधी रिटी, असे माझे मत त्यावरूनच बनले आहे.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे. परवाना कोण देणार, पैसे कुठून येणार, आणि बिदरसारख्या हवाई दलाचे केंद्र असलेल्या जिल्ह्यात घरावर तारा ताणल्या तर लोक काय म्हणतील? यातला शेवटचा प्रश्न मी हलका मानत नाही. त्याचे उत्तर पारदर्शकतेत आहे. हौशी रेडिओ हा लपूनछपून करण्याचा उद्योग नाही. दळणवळण मंत्रालयाच्या परीक्षेनंतर आणि चौकशीनंतर परवाना मिळतो, केंद्राचा पत्ता सरकारदरबारी नोंदलेला असतो, लॉग ठेवावा लागतो आणि गुप्त भाषेत संदेश पाठवायला मनाई असते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही परीक्षेला बसता येते. आपल्या वर्गाच्या परवान्यावर कोणता बँड, किती शक्ती आणि कोणत्या प्रकारचे प्रसारण चालते, हे आधी वाचावे, शेजाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला आपण काय करतो ते आपणहून सांगावे, आणि मगच तार चढवावी. पैशाचा प्रश्न खरा आहे, कारण ट्रान्सीव्हर बहुधा परदेशी आणि महाग असतो. म्हणूनच हे काम एकट्याने न करता संस्थेने करावे. कलबुर्गीचे पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८पासूनचे, बिदरला गुरु नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, भालकीला भीमण्णा खंड्रे तंत्रशास्त्र संस्था आहे, आळंद रस्त्यावर कडगंची येथे केंद्रीय विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी एक ट्रान्सीव्हर, एक लॅपटॉप आणि दोन डायपोल असले की अनेक चालकांच्या गटात उतरता येते आणि एकाच यंत्रावर डझनभर विद्यार्थी पाळीपाळीने शिकतात.

शेवटचा आक्षेप मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. या सगळ्या व्यवहारात देवनागरीचे एक अक्षरही नाही; मग त्याविषयी मराठीत पुस्तक कशासाठी? आपली लिपी टेलिप्रिंटरला परकी नव्हती. शिवराम शंकर आपटे यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या हिंदुस्थान समाचार या वृत्तसंस्थेने १९५०च्या दशकात देवनागरी टेलिप्रिंटरवरून बातम्या दिल्या होत्या. पण स्पर्धेत देवनागरीची गरजच पडत नाही, आणि त्यात आपला तोटा नाही, फायदाच आहे. आवाजाच्या स्पर्धेत अस्खलित, वेगवान इंग्रजी उच्चार लागतो. गावातल्या शाळेत शिकलेला मुलगा तिथे बुजतो. रिटीत उच्चार नाही, व्याकरण नाही, संभाषण नाही. रोमन अक्षरे आणि अंक ओळखता आले की औरादचा मराठी माध्यमातला विद्यार्थी, शेजारचा कन्नड माध्यमातला विद्यार्थी आणि मिलानचा अभियंता एका रांगेत उभे राहतात. अडसर आहे तो पडद्यावरच्या भाषेचा नाही, शिकण्याच्या भाषेचा. नियम, विद्युतशास्त्र, आयनांबर, अर्थिंग यांविषयीचे बहुतेक लिखाण इंग्रजीत आहे, आणि ज्याला ते अर्धवट कळते तो यंत्र जाळतो किंवा वाटेतच सोडून देतो. म्हणून समजण्याची भाषा आपली हवी. १ नोव्हेंबर १९५६ला जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले, औराद, भालकी, हुमनाबाद आजच्या कर्नाटकाच्या बाजूला राहिले. त्यातून उरलेला सीमाप्रश्न रेडिओने सुटणारा नाही, आणि तसा आव आणणे त्या प्रश्नावर अन्याय करणे होईल. मात्र मराठीत ज्ञान मागण्याचा हक्क जितका शाळेत आणि कचेरीत आहे, तितकाच तो हौसेच्या आणि तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातही आहे. तो बजावायचा तर अशी पुस्तके लिहावी लागतील, आणि ती कन्नड शेजाऱ्यालाही समजावून सांगावी लागतील. एका महाविद्यालयाच्या गच्चीवर दोन्ही भाषांची मुले एकत्र बसणार आहेत.

या पुस्तकाकडून माझी अपेक्षा नेमकी आहे. ते वाचून येत्या सप्टेंबरमध्ये या दोन जिल्ह्यांतून एखादे तरी केंद्र हवेत यावे आणि त्याने आपला लॉग पाठवावा. क्रमांक येईल की नाही, याचा विचार पहिल्या वर्षी करू नये. अनेक नवखे दहा-वीस संपर्क करतात आणि एवढ्याशा यादीचे काय पाठवायचे म्हणून गप्प बसतात. तसे करू नये. दहा संपर्कांचा लॉग आला की दहा परक्या केंद्रांच्या नोंदी ताडून पाहायला दुसरी बाजू मिळते. तो न आल्यास त्या नोंदी एकाच बाजूच्या शब्दावर राहतात. म्हणजे सर्वांत लहान सहभागही दुसऱ्याच्या खरेपणाला साक्ष देतो. बिदर-कलबुर्गीच्या मुलांनी ही साक्ष द्यायला शिकावे, आणि आपलीही नोंद तितक्याच काटेकोरपणे तपासली जावी असा आग्रह धरावा. स्पर्धेच्या दोन दिवसांपुरती लागलेली ही सवय पुढे त्यांच्या दवाखान्यांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि पंचायतींत गेली, तर या छंदावर खर्च केलेली प्रत्येक रात्र कारणी लागली असे मी म्हणेन.